ताई काय म्हणत होती

टॅक्सी कंपन्यांनी भंगारात काढलेले वायरलेस सेट बिनतारीकाका घरी आणत. त्यातले ठरावीक चॅनलचे क्रिस्टल काढून ते स्वतःचं सर्किट बसवत. मग नॉब फिरवून हौशी लोकांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलता येई. असाच एक सेट त्यांनी दूर सासरी असलेल्या ताईला दिला होता. परवाना दोघांकडेही होता. रोज संध्याकाळी भावंडांच्या गप्पा रंगत.

पुढे काकांचे कान गेले. त्यांनी सेटचा स्पीकर काढून तिथे आवाजाबरोबर हलणारा काटा बसवला. काटा थांबला की ते अंदाजाने म्हणत, "बरं बरं ताई, मजेत राहा."

"सांगून टाका ना त्यांना," काकू म्हणायच्या.

"नको. उगाच जिवाला घोर लावून घेईल ती."

एकदा आठवडाभर काटा फार हलला, आणि मग ताई गेल्याचा निरोप आला.

तिच्या घरी भाऊजींनी काकांचा हात धरला आणि रडत काहीतरी विचारलं. काकांना काही कळेना. शेवटी भरल्या घरात काकूंनाच त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं, "ताई रोज म्हणत होत्या, फार दुखतंय, एकदा भेटून जा! भाऊजींना फोन करू देत नव्हत्या. माझ्या शब्दावर तो येईल, म्हणायच्या. तुम्ही का नाही आलात, असं विचारतायत!"



"काटा नुसता उड्या मारत होता हो," काका म्हणाले. "मला वाटलं, ताई हसतेय."