सफारींचा पाणकावळा

ते हात वर करायचे. बोलायचे नाहीत, नुसता हात वर. गाडीतली सगळी बडबड त्या हातापाशी थांबली, की खालच्या आवाजात म्हणायचे, "आपण पाहुणे. पाहुण्यानं आवाज करू नये."

समोर बहुतेक वेळा काहीच नसायचं. वाळू, दोनचार खुरटी झुडपं आणि लांबवर तेलाच्या विहिरीची आग. पण ते दुर्बीण डोळ्यांना लावून असे बसायचे, की आपल्यालाच दिसत नाही की काय असं वाटायला लागायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. रिकाम्या जागेकडे बघून जो तुम्हाला तुमच्या डोळ्यांबद्दल शंका घ्यायला लावतो.

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे 'सफारी' म्हणत. एक तर ते बारा महिने सफारी सूट घालत. आणि इथे आखातात, धाहरानला येण्याआधी ते बरीच वर्षं नैरोबीला होते, तिथल्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी जंगलात काढल्या होत्या. मूळचे नागपूरचे, बायको नैरोबीतच गेलेली, मूलबाळ नव्हतं. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. मला वाटायचं, आफ्रिकेच्या गोष्टींत सिंहाची शिकार, हत्तीचा पाठलाग असं काही असेल. त्यांची आवडती गोष्ट म्हणजे दिवसभर जीपमध्ये बसून एकही सिंह न दिसल्याची. ती सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. "शेवटपर्यंत नाही आला," असं ते फार आदरानं म्हणायचे.

इथे आल्यावर त्यांनी सिंहाची हौस सरड्यावर भागवली. वाळवंटात धब नावाचा घोरपडीएवढा सरडा बिळात राहतो. शुक्रवारी सुट्टी. सकाळी आम्हा नवराबायकोला घेऊन ते एका बिळासमोर गाडी लावायचे आणि ऊन चढेपर्यंत बसायचे. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, एवढ्याशा सरड्यासाठी एवढं बसायचं? त्यांनी तिला समजावलं, "वहिनी, त्याला कुठे माहीत आहे आपण आलोय ते?" त्यानंतर दर वेळी ती दशमीचा डबा उघडायची. नेमका त्याच वेळी धब बाहेर यायचा.

मग आखाती युद्ध आलं.

ज्यांना जमलं ते बायकामुलांना घेऊन जेद्दाला किंवा थेट भारतात गेले. आमच्या कंपनीनं राहिलेल्यांना गॅस मास्क वाटले. एका खोलीच्या खिडक्या चिकटपट्टीनं बंद करून, सायरन वाजला की आम्ही तिघं तिथे बसायचो. सफारी तेव्हाही गप्प असायचे, पण ते गप्प बसणं वेगळं. मास्कच्या काचेआड त्यांचे डोळे मिटलेले असत.

त्यातच समुद्रात तेल आल्याची बातमी आली. टीव्हीवर काळ्या लाटा आणि काळे पक्षी दिसले. त्या दिवसापासून सफारींचं जेवण कमी झालं. शुक्रवारी सकाळी ते दारात उभे. जुबैलच्या पुढे किनाऱ्यावर जाऊन यायचं म्हणाले. गाडी माझी होती, त्यांची गॅरेजात पडून होती. मी नको म्हणालो. ते म्हणाले, ठीक आहे, टॅक्सी बघतो. त्या दिवसांत टॅक्सी त्यांना कुठे नेऊन सोडील याचा नेम नव्हता, म्हणून मी किल्ली घेतली. बायकोनं एकच अट घातली, दुर्बीण घरी ठेवायची. लष्कराच्या नाक्यानाक्यावर तपासणी चालली होती. सफारींनी मान हलवली.

जुबैल मागे पडलं आणि वास यायला लागला. डांबराचा असतो तसा, पण ओला. रस्ता सोडून आम्ही किनाऱ्याकडे वळलो. समुद्राचा आवाजच येत नव्हता. लाट यायची ती जड, चिखलासारखी, आणि न फुटता परत जायची. सफारींनी सवयीनं हात वर केला. मी आधीच गप्प होतो.

पक्षी मेलेले होते. एक ढीग मी दगड समजलो, जवळ गेल्यावर त्याला पंख दिसले. सफारी एकेकापाशी वाकत पुढे गेले आणि एका ठिकाणी गुडघ्यावर बसले. त्यांच्या हातात काहीतरी धडपडत होतं. पाणकावळा. वाकड्या चोचीनं त्यानं त्यांचा अंगठा फोडला तरी त्यांनी सोडला नाही. मग अंगातला कोट काढून त्यात त्याला गुंडाळला. तो कोट काढलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा लष्कराची जीप तिथे उभी होती.

सैनिकांनी गाडी तपासली. जेवणाच्या पिशवीत, दशम्यांच्या खाली, दुर्बीण निघाली.  आम्हाला जवळच्या ठाण्यावर नेलं, इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, काढून घेतले आणि भिंतीशी बसवलं. एक सैनिक दुर्बीण दाखवून दुसऱ्याशी बोलत होता. जासूस हा शब्द अरबीतही तसाच आहे. तेवढा मला कळला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी बायकोचा विचार करत होतो. ती त्या बंद खोलीत एकटी होती. अचानक सायरन सुरू झाला. सैनिकांनी मास्क चढवले. आमचे मास्क गाडीत, आणि गाडीकडे जायची सोय नव्हती. सफारींनी काय करावं? पक्ष्याच्या डोक्यावरून कोटाची बाही ओढली आणि वरून दोन्ही हातांनी झाकून बसले.  लांब कुठेतरी धडाम झालं, भिंत हलली. मग सायरन थांबला आणि कोटातून एक घोगरा आवाज आला. मास्क उतरवणारा सैनिक दचकला.

अधिकारी आला. चाळिशीचा, थकलेला माणूस. दुर्बीण कुणाची, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. सफारी उभे राहिले.

"माझी. मी लपवून आणली. यांना माहीत नव्हतं. गाडी यांची आहे, पण यायचं माझं ठरलं होतं."

कशासाठी, असं त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी कोट उघडून दाखवला. अधिकाऱ्यानं वाकून तो काळा गोळा पाहिला. मग त्यानं माझा इकामा माझ्या हातात दिला आणि मला दार दाखवलं. सफारींचा इकामा त्यानं खिशात घातला.

मी हलेना. सफारी माझ्यापाशी आले, गठडी माझ्या हातात दिली आणि ऑफिसातलं काम सोपवावं तसं सांगू लागले. "आधी खायला द्या, ताजी मासळी. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. डोळ्यांत जाऊ देऊ नका. वहिनींना सांगा, दुर्बिणीबाबत मी खोटं वागलो." अधिकाऱ्यानं "खलास" म्हटलं आणि त्यांना आत नेलं.

मी घरी पोचलो तेव्हा बायको जिन्यात उभी होती. ती आधी रडली, मग माझ्या हातातल्या गठडीकडे बघितलं आणि पाणी तापवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत, आम्हाला या देशात आणणाऱ्या कफीलाच्या कचेरीत, सगळीकडे फिरलो. बघतो, एवढंच सगळे म्हणत. घरी न्हाणीघरात आम्ही पाणकावळा धूत होतो. पहिल्या पाण्यात निव्वळ डांबर निघालं. नंतर तपकिरी, मग चहासारखं. बायकोचे हात चोचीनं ओरबाडून निघाले. पण पक्षी काही उजळेना. आम्ही रोज धुवायचो, आणि तो रोज तसाच काळा. तेल आत मुरलंय, हा जगायचा नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं. तरी साबण आणतच होती.

मग एका दुपारी फोन वाजला. सफारी होते, जेद्दाहून. चौकशी करून त्यांना सोडलं होतं, पण देशात ठेवायला तयार नव्हते. कफीलानं कायमच्या परतीचा शिक्का मारून पाठवलं होतं, विमान तासाभरात होतं. मी विचारलं, मारहाण वगैरे? ते म्हणाले, ते राहू द्या, पक्ष्याचं सांगा. मी सांगितलं, खातो चांगला, पण तेल जात नाही, अजून काळाच आहे.

"पाणी कसं निघतं?"

"पाणी स्वच्छ."

 मग ते हसले. युद्ध सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

"अहो, थांबा आता. तो मूळचाच काळा आहे."

मी बायकोला सांगितलं. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली, साबणाच्या हातांनीच डोळे पुसले आणि हसता हसता रडली. फोन तोवर कटला होता.

त्यांचं सामान मी बांधून कंपनीत दिलं. पुढे कुणी म्हणालं ते नागपूरला आहेत, कुणी म्हणालं परत नैरोबीला गेले. मला त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

युद्ध संपल्यावर आम्ही दोघं दक्षिणेच्या खाडीवर गेलो. तेल तिथवर आलं नव्हतं. खोक्याचं झाकण काढलं तरी पाणकावळा बराच वेळ आतच बसून राहिला. मग बाहेर आला, खडकावर चढला, पंख पसरून उन्हात उभा राहिला. वाळल्यावर पाण्याला लागून लागून उडत गेला. बायको म्हणाली, त्यांना कळवायला हवं. मी हो म्हणालो. कुठे, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.