हुकाखाली उभी असलेली माणसं

क्रेन चालवणाऱ्या त्या गृहस्थांना साइटवर सगळे ‘पाद्री’ म्हणत. ते पाद्री नव्हते. रविवारी ओव्हरटाइमला नाही म्हणायचे, घोटभर चहासमोरसुद्धा मान खाली घालून दोन क्षण गप्प बसायचे, आणि कोणी आचरट विनोद सांगितला की हसायचे नाहीत. एवढ्यावर ही पदवी मिळाली. बाकी माणूस अगदी तुमच्याआमच्यासारखा. केबिनच्या काचेवर धूळ दिसली की आकाशपाताळ एक करायचा. त्यांची मुलगी त्यांना म्हणायची, “बाबा, देव घरी ठेवून जात जा ना कामावर. लोक हसतात.” ते म्हणत, “हसू दे गं, फुकटची करमणूक आहे.”

तर हे पाद्री एका दुपारी अडचणीत आले. भार बांधणाऱ्या टोळीचा मुकादम समोरच्या अर्धवट मजल्यावर चढला होता. तिथून त्याने मोबाइलवर फोटो काढला: केबिनमध्ये पाद्री, हात मांडीवर, डोळे गच्च मिटलेले. त्याने तो थेट सेफ्टीबाईंकडे पाठवला. सुरक्षेचं सगळं त्या बघत आणि त्यांचा नियम साधा होता: केबिनमध्ये डोळा लागला, की परवाना गेला. पाद्रींची निवृत्ती तोंडावर आली होती. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

सेफ्टीबाईंचा देवाधर्माशी काडीचा संबंध नव्हता. पण मन वाईट नव्हतं. त्यांनी पाद्रींना ऑफिसात बोलावलं आणि सुटायची वाट आपण होऊन दाखवली.

“काका, ऊन डोळ्यांवर आलं असेल ना?”

“नाही बाई. ऊन पाठीमागे होतं.”

“मग डोळ्यात कचरा गेला असेल.”

“नाही हो. प्रार्थना करत होतो.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “काका, हे मी वर कळवलं तर काय होईल माहितीये ना? कचरा म्हणा आणि मोकळे व्हा की.”

“आणि उद्या सकाळी वर चढून देवाशी काय बोलू? नोकरी वाचवायला आज जरा खोटं बोललो, सांभाळून घे, असं?” पाद्री खजील होऊन हसले. “पण बाई, ब्रेक लावलेला होता. भार उचलायच्या आधी तेवढाच थांबतो मी, रोज. डोळे मिटले ही चूक माझीच. डोळे मिटणं ही सवय आहे, देवाची आज्ञा नाही.”

बाईंना राग आला. सरळ बोलणाऱ्या माणसाचा येतो तसला, कुठे ठेवावा ते न कळणारा राग. शेवटी त्या म्हणाल्या, “मी वर येते. काय करता ते मला बघायचंय. आणि डोळे उघडे ठेवायचे.”

शिडी संपता संपेना. केबिनमध्ये पोचेपर्यंत बाईंच्या पायांचे गोळे दुखायला लागले होते. वारा आला की सगळी केबिन सावकाश झुलायची. पायाखाली काच होती. बाईंनी खाली पाहिलं आणि खुर्चीची कड घट्ट धरली. इतकी वर्षं त्या फाइलीत ‘कामगार’ लिहीत आल्या होत्या. इथून ती तांदळाच्या दाण्याएवढी माणसं दिसत होती, आणि त्यांच्यावर हे अजस्र लोखंड. एका माणसाच्या मनगटाच्या हालचालीवर ती सगळी घरी जाणार होती किंवा नव्हती. बाईंना आपला श्वास ऐकू येऊ लागला.

वॉकीटॉकीवर मुकादमाचा आवाज आला. “बांधलंय. उचला.”

पाद्रींनी ब्रेक तपासला, हात मांडीवर ठेवले. डोळे उघडे, नजर खाली. शेजारी कोणी बसलंय असं बोलावं तशा आवाजात ते बोलू लागले.

“बापा, हे तुझे लोक. वेल्डर आहे, त्याला काल मुलगी झाली, रात्रभर जागलाय, त्याला जप. पाणी मारणाऱ्या दोघी बहिणी आहेत. मुकादम आहे. त्याच्या आईचं उद्या ऑपरेशन आहे, डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, आणि माझाही. बाई घाबरल्यात, त्यांना धीर दे. आमेन.”

मग भार उचलला गेला. झोपलेल्या बाळाला पाळण्यातून काढावं तसा अलगद.

“काका,” त्या हळूच म्हणाल्या, “तो फोटो कोणी काढला, ठाऊक आहे तुम्हाला?”

“आहे की. डोळे उघडल्यावर मीच बघितला ना त्याला, माझ्याकडे मोबाइल धरून उभा असलेला.”

“तरी त्याच्यासाठी?”

पाद्रींची नजर भारावरून हलली नाही. “बाई, तो बांधतो, मी उचलतो. माझ्या हुकाच्या सगळ्यात जवळ तोच उभा असतो. मनात त्याच्याबद्दल राग ठेवून मी हा दांडा कसा धरू?”

बाई खाली उतरल्या, मॅनेजरला फोन लावला आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. प्रार्थना हा शब्दही गाळला नाही. “डोळे उघडे ठेवणार ना?” मॅनेजरने विचारलं. बाई हो म्हणाल्या. “मग तुमच्या जबाबदारीवर राहू दे त्याला.”

बाईंनी ती घेतली. आपण काय घेतलंय हे त्यांना तेव्हा पुरतं कळलंही नव्हतं.

मुकादम खाली पुढचा भार बांधत होता. “काय बाई, गेला का पाद्री घरी? मला शिव्या घातल्या असतील वर.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या आईच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना केली. माझ्यासमोर.”

मुकादमाचा हात साखळीवरच राहिला. “फोटोचं कळलं नसेल त्याला.”

“कळलंय.”

मुकादमाने साखळीची कडी पुन्हा एकदा तपासली, बाजूला झाला, आणि वॉकीटॉकीत म्हणाला, “बांधलंय.” वर हूक जागच्या जागी थांबला. रोज या वेळी मुकादम ओरडायचा, झोपलास का रे! टोळीतली माणसं त्याच्या तोंडाकडे बघू लागली. एकाने हसत विचारलं, “आज हाक नाही?”

मुकादमाची मान वर होती, डोळे भरलेले.

“थांबू दे त्याला,” तो म्हणाला. “आईचं सांगतोय.”