माझी पंचवीस वर्षांची समाधी

लेकीनं ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूवर पीएचडी करायला घेतली आणि माझं धाबं दणाणलं. कारण आमच्या गल्लीतली नामांकित ध्यानवाली म्हणजे मी!

झालं होतं असं. लग्न नवं, घरात नऊ माणसं, गोठ्यात दोन म्हशी. नृसिंहवाडीची पौर्णिमा करून आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देवघरात माळ हातात घेऊन बसले, ती बसल्या बसल्या झोपलेच. सासूबाईंनी पाहिलं आणि गल्लीभर सांगून टाकलं, "सुनंला ध्यान लागतंय. त्या वेळंला कुणी हाका मारू नगासा!" मी कशाला नाही म्हणतेय? तेव्हापासून रोज पहाटे अर्धा तास दार लावून, पाठ ताठ ठेवून मी मस्त झोपते. दिवसातला तेवढाच वेळ माझा. शेजारच्या खोलीत सासूबाई रेडिओवर भजनं लावतात, तीही अशी मोठ्यानं की देवानंही कानात बोळे घालावेत.

लेक यंत्र घेऊन घरी आली आणि म्हणाली, "पहिली तूच." डोक्यावर वायरींची टोपी चढवायला लागली.

"आई, तेल लावू नको म्हटलं होतं ना!"

मुद्दामच थापलं होतं. म्हटलं, यंत्र तरी बिघडेल. कसलं काय! चार वेळा पुसून तिनं टोपी बसवलीच. मग समजावत बसली, की मेंदूत 'मी, माझं' करत राहणारा भाग असतो आणि ध्यानात तो शांत होतो. म्हटलं, बाई, या घरात आल्यापासून माझा तो भाग गप्पच आहे.

डोळे मिटले. जागं राहायचं अगदी ठरवलं होतं, पण मेली सवय! पाच मिनिटांत मान पडली.

"आई, हे ध्यान नाही. तू चक्क झोपलीयस," लेक स्क्रीनकडे बघत हसत सुटली.

सासूबाई दारातच लसूण सोलत बसलेल्या. माझा अर्धा तास तर गेलाच, आणि गल्लीत त्यांचं नाकही.

त्यांनी मान वर केली नाही. "हे सांगायला यंत्र कशाला पायजे? पहिल्या दिवसापासनं घोरतीया ती. मी रेडिओ लावतो, ते काय देवासाठी व्हय?"

मला रडूच फुटलं, टोपीसकट.

"आई, हलू नको," लेक ओरडली, "सगळ्या रेघा नाचायला लागल्यात!"