तिसरी किल्ली

आमच्या बचत गटाच्या पत्र्याच्या पेटीला तीन कुलुपं होती आणि किल्ल्या तिघींकडे. एक माझ्याकडे, कारण माझं शिलाईचं दुकान, मी कुठे जात नाही. एक दूधवालीकडे. तिसरी मावशीकडे, कारण तिच्या घरात ती एकटीच. "चोरायलाही कुणी नाही!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मावशीही हसली. मला मात्र ते झोंबलं.

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. नवरा केव्हाच गेला, मुलगा बोटीवर नोकरीला. त्याचा फोन आला की ती ओरडून बोलायची, तो "ठीक आहेस ना?" म्हणायचा आणि आवाज तुटायचा. घर वस्तीच्या पार टोकाला, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या पुढे. तिकडे वाट चुकलेली शेळीसुद्धा फिरकत नाही.

मीटिंग दूधवालीच्या ओट्यावर भरायची. मावशी वेळेवर यायची, बसायची, आणि पेटी उघडायची वेळ झाली की कंबर चाचपून म्हणायची, "अगं बाई, किल्ली घरीच राहिली!"

"सांगा कुठेय, मी आणते पळत," दूधवाली म्हणायची.

"तुला नाही सापडायची. चला ना सगळ्याच, तिकडेच उघडू पेटी."

मग काय, पेटी डोक्यावर घेऊन अख्खी वरात भट्टीपलीकडे. दूधवाली वाटभर धुसफुसायची, "ही बाई डोक्यावर मिरे वाटतेय आपल्या!" पोचल्यावर किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकलेली दिसायची. आणि ओट्यालगत, स्वच्छ फडक्यावर, पालथे घातलेले कप. गटातल्या प्रत्येकीला एक. किल्ली विसरणारी बाई कप धुवून मांडून जाते होय? मी काही दुधखुळी नाही. पण मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. चहा व्हायचा, सासवांची उणीदुणी निघायची, संध्याकाळ कशी सरायची कळायचं नाही. मावशी मधे बसून नुसती ऐकायची.

मग बँकेची बाई आली. पैसे पेटीत न ठेवता खात्यात ठेवले तर गटाला मोठं कर्ज मिळेल, म्हणाली. दूधवालीला आणखी दोन गाई घ्यायच्या होत्या, तिचे डोळेच चमकले. मीटिंगही बँकेशेजारच्या खोलीत घ्यायची ठरत होती. पण आमचा नियम होता, तिन्ही किल्लीवाल्या हो म्हणाल्याशिवाय काही बदलायचं नाही.

दूधवाली हो म्हणाली. मी मावशीकडे बघत होते. तिनं नुसतं "नको" म्हटलं असतं तर गटाला ऐकावं लागलं असतं, आणि खरं सांगते, तिनं ते म्हणावं असं मला वाटत होतं.

"हो," मावशी म्हणाली. "दुभती जनावरं वाढली की या पोरीचा हात मोकळा होईल." आणि कंबरेची किल्ली काढून पेटीवर ठेवली. त्या दिवशी ती विसरली नव्हती.

"आज बरी आठवली!" दूधवाली हसून म्हणाली. तिला काय माहीत! मीही हो म्हणाले.

बँकेशेजारच्या पहिल्या मीटिंगला मावशी आली नाही. गुडघा दुखतो, असा निरोप होता. सह्या करून मी तडक भट्टीपलीकडे गेले. दार उघडंच होतं. फडक्यावर कप मांडलेले, सगळ्यांचे.

"मावशी, मीटिंग तिकडे होती की."

"ठाऊक आहे गं. धूळ बसते, म्हणून धुतले." ती पटकन उठली, गुडघा बिडघा काही नाही. "कर्ज मिळालं का तिला?"

"मिळालं."

"मग चांगलं झालं."

तिनं एक कप सुलटा करून माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःला घेतला. बाकीचे तिनं एकेक करून फळीवर नेऊन ठेवले. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, तू बस. जरा वेळ बस."