शेवंतीच्या डोळ्याखालचा भोवरा

हे मी दादाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. देवासमोरही कधी उच्चारलं नाही — त्याला माहीत असेलच, तर त्यानंही इतकी वर्षं गप्प बसून माझीच साथ केली. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण आज सकाळी पागेत जे झालं त्यानंतर माझं मलाच सहन होईना.

आमची पागा म्हणजे काही राजाची नव्हे. बुलढाण्याहून लोणारकडे जाताना आडबाजूला शेत आहे, त्यात पत्र्याखाली बांधलेल्या चार-पाच घोड्या आणि एक नर. घोड्या फळवायच्या, शिंगरं वाढवायची, जमलं तर वरातीत नाचायला शिकवायची — हा दादाचा आणि माझा धंदा. त्यात माझं नाव मोठं. घोडं अडलं की लोक मला बोलावतात. घोडीनं कान मागे पाडले तर का, पाय का आपटते, चंदी, म्हणजे दाणा, का सोडला — मला विचारतात. मी जरा वेळ पाहतो, मान हलवतो आणि सांगतो. बहुतेक वेळा बरोबरही निघतं. 'भाऊले घोड्याची भाषा येते' असं म्हणतात. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भाषा येते ना! म्हणूनच तर सांगतो — मला ती त्या दिवशीही येत होती.

शेवंती ही वहिनीच्या माहेरची घोडी. वहिनीचे बाबा पिंपळगाव राजा या गावचे. त्यांना घोड्याचं भारी वेड. आजारी पडले तेव्हा त्यांनी शेवंती लेकीकडे पाठवली. हिची चंदी तुझ्याच हातानं घाल, एवढंच सांगितलं. कुमैत, म्हणजे काळपट तांबडा रंग, आत वळलेले कान, आणि चालणं असं की माणूस हातातलं काम सोडून बघत राहील. पण डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. घोडेवाले याला आसूढाळ म्हणतात. असली घोडी ज्याच्या दारी, त्याच्या डोळ्याला पाणी — अशी समजूत. बाजारात असल्या घोडीला गिऱ्हाईक हात लावत नाही. शेवंती आली त्याच दिवशी मी तो भोवरा वहिनीला दाखवला होता. शहाणपणा मिरवायला, दुसरं काय? वहिनी हसली. म्हणाली, "बाबाले मायीत हाय भाऊजी. बाबा म्हन्ते, ढाळू दे आसू, पुसाले मी हावो ना."

वहिनी रोज स्वतः खरारा करायची. शेवंतीनं तिच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटलेले मी कितीदा पाहिलं आहे. घोडीला नाचायला मी शिकवलं, पण जीव तिचा वहिनीवर. आमच्याच नरापासून ती फळली. पिंपळगावला आजारी म्हाताऱ्याला ही बातमी कळली तेव्हा त्यांनी म्हणे अंथरुणातून उठून चहा मागितला.

शिंगरू त्यांना पाहायला मिळालं नाही. उन्हाळ्यात ते गेले. दादा, वहिनी, आमची माय, माझी बायको — सगळे तेरवीला पिंपळगावला गेले. जनावरांसाठी कुणीतरी मागे राहायला हवं, म्हणून मी राहिलो. शेवंतीचे दिवस भरत आले होते. पोट खाली उतरलं होतं, कास धरायला लागली होती.

आणि फोन आला. जालन्याकडच्या एका गावातून. मोठ्या घरचं लग्न, ठरवलेली घोडी ऐन वेळी लंगडली. तुमची ती नाचणारी घोडी हवी, भाऊ. तुमच्याशिवाय आहे कोण?

पैशासाठी गेलो असतो तर एकवेळ सांगायला तोंड तरी असतं. पैसे मी घेतलेच नाहीत. त्या 'तुमच्याशिवाय आहे कोण'साठी गेलो! एका वाक्यासाठी! गाभण घोडी, दिवस भरलेली — आणि मी तिला गाडीत चढवली. ती चढत नव्हती. चारही पाय रोवून उभी होती, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. दुसऱ्या कुणाच्या घोडीनं असं केलं असतं तर मी त्याला शिव्या घालून हाकलला असता. तिला मात्र मी चाबूक दाखवला.

वरातीत ढोल होता, ताशा होता, वरून डीजे. शेवंती घामानं भिजली होती. कान मागे, शेपूट सारखी आपटतेय. मला सगळं दिसत होतं — सगळं! वहिनीच्या बाबांची तेरवी होती तो दिवस, आणि त्यांच्या घोडीच्या पायात मी घुंगरू बांधले होते. गर्दीतून आरोळी आली, उभी करा, उभी करा! मी लगाम खेचला. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. खाली टँकरचं पाणी सांडलेलं. मागचा पाय सरकला आणि ती मागच्या अंगावर आपटली — ते पोट घेऊन.

लोकांना वाटलं, हीसुद्धा कसरतच. टाळ्या वाजल्या, शिट्या वाजल्या. ती धडपडत उठत होती, थरथरत होती.

आणि मी मुजरा केला. हो, छातीवर हात ठेवून, वाकून. लोक टाळ्या वाजवतात म्हटल्यावर माझा हात आपोआप छातीवर गेला. तेव्हापासून त्या हाताचा मला राग आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंगरू पडलं. पूर्ण वाढलेलं, आईसारखंच कुमैत. श्वास नव्हता. शेवंती त्याला चाटत राहिली, नाकानं ढोसून उठवू पाहत राहिली. मी काय करत होतो? मी तिच्या शेपटीत अडकलेला टिकल्यांचा धागा सोडवत होतो. तिच्या पायांना लावलेला रंग धूत होतो. घरचे येण्याआधी सगळं स्वच्छ व्हायला हवं ना!

संध्याकाळी सगळे आले. वहिनी गाडीतून उतरली ती तशीच पागेकडे धावली. बाप जाऊन जेमतेम दोन आठवडे झालेली बाई. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, भाऊजी, काय झालं?

तिथं खरं बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "काई नाई झालं वहिनी. जाग्यावर उभी होती. मी पयलेच म्हनलं होतं, आसूढाळ घोडी हाय."

झालं. वड्याचं तेल वांग्यावर. माय तिथंच कडाडली, "बापाले खाल्लं, आता पोटच्या लेकराले खाल्लं! कोनं आनली होती हे?" वहिनीनं शेवंतीच्या मानेवर ठेवलेला हात काढून घेतला. दादानं मान खाली घातली. मी — घोड्याची भाषा येणारा — मीही मान खाली घातली, जणू मलाही वाईट वाटत होतं. वाटत होतंच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवंतीला महिन्याच्या आत विकली. मिळेल त्याला. ती कुठं गेली, कुणी तिला कशाला जुंपली, मी शोध घेतला नाही. दावं वहिनीनंच सोडून दिलं आणि त्यानंतर तिनं पागेत पाय टाकला नाही. त्या लग्नाला बोलावणारा जालन्याकडचा माणूस बाजारात भेटला की आजही मीच आधी तोंड उघडतो, त्याला बोलू देत नाही. इतकी वर्षं असंच चाललं आहे.

आणि आज सकाळी. यंदा आमच्या काळ्या घोडीला मादी शिंगरू झालं. डाव्या डोळ्याखाली भोवरा. गिऱ्हाईक आलं, दादानं पडत्या भावात सौदा केला. मी बघत उभा होतो. तेवढ्यात वहिनी आली. इतक्या वर्षांनी पागेत आली आणि शिंगराचं दावं तिनं स्वतः सोडलं. मी म्हटलं, वहिनी, राहू द्या. तर ती म्हणाली, "नेऊ द्या भाऊजी. माह्या बाबानं लोकायचं तवाच आयकलं असतं तं आज असते. तुमी त सांगतलंच होतं."

म्हणजे हे ती रोज उशाशी घेऊन झोपत होती. आपल्या बापानं जीव लावलेली घोडी बापाला खाऊन गेली, आणि ती आपणच घरात आणली! भोवरा कसला, तिच्या डोळ्यातलं पाणी मी आणलं. आजारानं गेलेल्या माणसाचं मरण एका केसांच्या वळणाला मी चिकटवलं, आणि ते तिनं खरं मानलं, कारण घोड्यातलं मला कळतं!

मी तिच्या हातून दावं हिसकलं. गिऱ्हाईक परत पाठवलं. दादा चिडला, काऊन परत पाठवलं म्हणून ओरडला. मी सरळ घरात आलो आणि हे लिहायला बसलो. पुन्हा पळालोच म्हणा ना.

खिडकीतून दिसतं आहे, वहिनी अजून पागेच्या दारात उभी आहे. पुन्हा आत पाऊल टाकत नाही. शिंगरू तिच्या पदराला तोंड लावतं आहे आणि ती पदर सोडवून घेते आहे.

आता उठतो. ती काय म्हणेल ते तिचं. मला तिच्यासमोर एवढंच म्हणायचं आहे — वहिनी, शेवंती त्या दिवशी जागेवर उभी नव्हती. मी तिला नाचवली.