छताकडे बघणारा काका

माझा धाकटा काका कुणाच्याही घरी गेला की आधी छताकडे बघायचा. "भावजी कोळिष्टकं मोजतायत," म्हणत आई नाक मुरडायची. पण काका खाणीत मोजणीदार होता, आणि तिथे मोजणीच्या खुणा छतातच ठोकतात, पायाखालचं सगळं रोज उखडलं जातं म्हणून. त्या खुणेला ओळंबा टांगून मोजायचं. अकरा वर्षं त्याने हेच केलं. खाण बंद पडली, तसा वर येऊन तो प्लॉट मोजू लागला. खालचा आणि वरचा, दोन्ही नकाशे डोक्यात असलेला आमच्याकडे तो एकटाच. ते त्याला चांगलंच महागात पडलं.

आमचा प्लॉटही त्यानेच मोजला. मोजून झाल्यावर बाबांना म्हणाला, "दादा, इथे बांधू नकोस. स्वयंपाकघराच्या बरोब्बर खाली जुना बोगदा येतोय."

"तो भरलाय. खाणवाल्यांनी तसं लिहून दिलंय."

"कागदावर भरलाय."

"चांगल्या कामात नाट लावू नकोस," बाबा म्हणाले. आई तर सरळच म्हणाली, "जळतात भावजी आमच्यावर!" घर बांधून झालं आणि काकाचं येणं-जाणं तुटलं. त्याने लग्न केलेलं नव्हतं. आमच्याशिवाय त्याला कुणी नव्हतं.

मग दर रविवारी सकाळी तो रस्त्यापलीकडे तिपाईवर दुर्बीण लावून उभा राहू लागला. आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्याने आकड्यांची एक हातभर पट्टी ठोकून ठेवली होती. आधी लांबच्या पुलाच्या दगडावरची कधी न हलणारी खूण बघायची, मग ही पट्टी, मग वहीत आकडा. घर जागचं हललेलं नसलं की तिपाई खांद्यावर टाकून एकटाच निघून जायचा. नऊ वर्षं! घर जितकं टिकलं, तितका तो खोटा ठरत गेला. मी खिडकीतून बघायचे. कधी पाण्याचा पेलासुद्धा नेऊन दिला नाही, याची मला आजही लाज वाटते.

एका रविवारी त्याने दुर्बिणीला तीनदा डोळा लावला. तिपाई तिथेच टाकून रस्ता ओलांडला आणि आमचं दार ठोठावलं.

बाबांनी दार उघडलं.

"किती?" बाबांनी विचारलं.

म्हणजे बाबाही दर रविवारी बघत होते तर.

"चार मिलिमीटर खचलंय. एका आठवड्यात."

दारातून बाजूला होत बाबा म्हणाले, "आत ये रे."

काकाने सवयीने चौकटीच्या वर बघितलं आणि बाबांचा हात धरला.

"मी नाही, दादा. तुम्ही सगळे बाहेर या."