हात सैल सोड, बाई

गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४. नळाला पाणी सव्वासहा ते सात. भागूबाई आली नाही, भांडी मीच घासली. बिस्मिल्ला मणेरची वही तिसऱ्यांदा वाचली. कविता सापडली नाही. उद्या इंदापूरला जाऊन वही परत देणे.

एवढं लिहून विजयमालाकाकी जाचकांनी डायरी मिटली. झोप मात्र धड लागली नाही. बारामतीच्या त्यांच्या महिला वाचन मंडळाची दरवर्षी एक छोटी पुस्तिका निघायची आणि तिच्यात कोणाच्या कविता घ्यायच्या ते काकी ठरवायच्या. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी दोन सवयी लावल्या होत्या: रोज डायरी लिहायची, आणि आवडलं नाही ते आवडलं म्हणायचं नाही. पंचाहत्तरी उलटली तरी दोन्ही सुटल्या नव्हत्या.

बिस्मिल्लाचं इंदापुरात बांगड्यांचं दुकान. वय साठीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत. वही देताना ती म्हणाली होती, "काकी, घरात समदी हसत्यात. ह्यात काय असंल तर सांगा. तुमी न्हाय म्हणला, तर परत पेन हातात धरणार न्हाय."

म्हणून तर काकींनी इतकं शोधलं. उपमा शोधल्या, कल्पना शोधल्या. हाताला लागायची ती एकच ओळ, पानोपानी: हात सैल सोड, बाई. प्रत्येक वेळी त्यांनी पेन्सिलीने खाली रेघ मारली आणि कडेला लिहिलं, 'पुन्हा तेच.'

शुक्रवारी दुपारी त्या दुकानात शिरल्या तेव्हा बिस्मिल्लाचा मुलगा मुबीन नमाजला निघाला होता. आत कळंबच्या लग्नघरच्या बायका चुडा भरायला आल्या होत्या. पाटावर नवरी संस्कृती, तिच्या पाठीशी आजी दगडाबाई.

"बसा काकी. एवढा चुडा भरते, मग बोलू." काकींच्या पिशवीतून डोकावणारी वही बिस्मिल्लाला दिसली. तिने हिरव्या बांगड्यांची पेटी पुढे ओढली.

काकी कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकल्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्याआधीही त्यांच्या मनगटावर घड्याळच असायचं. लग्नातला चुडा तेवढा भरला होता. तेव्हा त्या इतक्या घाबरलेल्या होत्या की त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

संस्कृतीचा हात लाकडासारखा ताठ.

"मोबाईल धरून धरून पंजा हाय का सांडशी!" दगडाबाई म्हणाल्या. "तुझा नवरा हात धरायला आला तर पकडीत घावायचा!"

बायका खिदळल्या. पोरगी आणखीच आकसली आणि एक बांगडी वाढली. बांगडी फुटली असं त्या दुकानात कोणी म्हणत नसे. हसणं मात्र थांबलं. दगडाबाईंचा चेहरा उतरला.

बिस्मिल्लाने काचा बाजूला सारल्या. नवरीचा पंजा दोन्ही हातांत घेतला, अंगठा तळव्याकडे दुमडला आणि खालच्या आवाजात बोलू लागली. गाणं नव्हे, नुसतं बोलणं:

हात सैल सोड, बाई,
पाण्यात सोडल्यागत.
तुझ्या आईचाबी भरलाय मी,
ह्याच पाटावर, असाच भ्यालेला.
हात सैल सोड, बाई.
ऊस तोडलेलं हात बघितलं,
पाळणा मोडलेलं हात बघितलं,
समद्यांस्नी हिरवं शोभलं.
हात सैल सोड, बाई.

ती ओळ फिरून आली की बांगडी नेमकी हाडावर आलेली असायची. पोरगी श्वास सोडायची आणि बांगडी मनगटात उतरायची. पाचव्या-सहाव्या बांगडीला तर संस्कृतीने डोळेच मिटले. दगडाबाई पदराने नाक पुसत राहिल्या.

काकींना ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं. ह्या ओळी त्यांनी तीनदा वाचल्या होत्या. शब्द तपासले होते. ते कोणाला म्हटलेत, कशासाठी, हे एकदाही मनात आलं नव्हतं. बिस्मिल्लाला आपल्या ओळी सजवायच्याच नव्हत्या. समोरच्या पोरीची भीती तेवढी जायला हवी होती.

बायका गेल्यावर बिस्मिल्ला हात पुसत समोर येऊन बसली. "बोला."

"मी नाही म्हणायला आले होते."

"व्हय, तुमचं तोंडच सांगत हुतं. दवाखान्यात रिपोर्ट घिऊन आल्यागत."

"खोडरबर आहे का गं तुझ्याकडे?"

गल्ल्याशेजारचा डबा धुंडाळून बिस्मिल्लाने नातवाचं अर्धं झिजलेलं रबर काढलं. काकी एकेक पान उलटत आपल्या रेघा पुसू लागल्या.

"तीन कविता घेणार. सगळ्या बांगड्या भरतानाच्या. पुस्तिका निघेल त्या दिवशी तू येऊन म्हणायच्या, आणि हात कोणाचा तरी धरूनच म्हणायच्या."

"अन् चांदण्याची?"

"ती नको. ती मला खरंच आवडली नाही."

"मलाबी न्हाय!" बिस्मिल्ला मोठ्याने हसली. "मुबीन म्हणला, कवितेत चांदणं पायजेच. म्हणून घातलं हुतं." हसता हसता तिने डोळे पुसले. "म्हणजे लिहू ना मी, काकी?"

"लिहायचं. आणि पुढची वही लौकर पाठव."

परतीची एसटी उशिरा मिळाली. घरी आल्यावर काकींनी पाय धुतले, चष्मा पुसला आणि डायरी उघडली. दुकानातलं सगळं लिहिता लिहिता पान भरलं. तळाशी एका ओळीची जागा उरली होती, तिथे त्यांनी लिहिलं:

यायला साडेसात वाजले. भाकरी टाकली नाही; दूधभात खाल्ला.